एमडी चेस्टनंतर पुढे काय: डीएम, आयसीयू की अमेरिका?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सरकारी महाविद्यालयात एमडी रेस्पिरेटरी मेडिसिनचं (म्हणजे एमडी चेस्टचं) शेवटचं वर्ष सुरू आहे. पुढे डीएम पल्मनरी (डीएम ही एमडीनंतरची सुपर स्पेशालिटी पदवी, पल्मनरी म्हणजे फुप्फुसांची) करावं, डीएम क्रिटिकल केअर (अत्यवस्थ रुग्णांची, आयसीयूतली) करावं, एखाद्या मोठ्या खासगी रुग्णालयातली वर्षाची फेलोशिप घ्यावी, की यूएसएमएलई (अमेरिकेची वैद्यकीय परवाना परीक्षा) देऊन अमेरिकेला जावं? आणि पहिल्या फटक्यात सीट मिळाली नाही तर वर्षभर घरी बसून अभ्यास करण्यात अर्थ आहे का?

मी गेली बरीच वर्षं चेस्ट आणि आयसीयू दोन्ही सांभाळते आणि फेलोंना (एमडीनंतर पुढचं प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना) शिकवते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

या चार वाटांची तुलना करण्याआधी स्वतःला एक विचारा. पंचेचाळिशीत आठवड्यातले किती दिवस आणि महिन्यातल्या किती रात्री तुम्हाला आयसीयूत काढायला आवडतील? उत्तर 'जवळजवळ सगळे' असेल तर डीएम क्रिटिकल केअर. 'अर्धे, पण उरलेल्या वेळात मला ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणं), आयएलडी (फुप्फुस घट्ट होत जाण्याचे आजार), प्ल्युरा (फुप्फुसाचं आवरण), झोपेचे आजार हवेत' असं असेल तर डीएम पल्मनरी अँड क्रिटिकल केअर. आणि प्रामाणिक उत्तर 'शक्यतो नकोच' असेल, तर कृपा करून केवळ सगळे बॅचमेट फॉर्म भरताहेत म्हणून तुम्ही भरू नका. लातूर, जळगाव, सांगलीसारख्या शहरात नीट स्पायरोमेट्री (श्वासाची चाचणी) करून वाचणारा, दम्याच्या रुग्णाला इनहेलर हातात देऊन घ्यायला शिकवणारा, टीबीची औषधं कल्चर आणि जीनएक्स्पर्ट या जंतूंच्या चाचण्या बघून देणारा, स्वतः ब्रॉन्कोस्कोपी करणारा एमडी चेस्ट अजूनही पुरेसा दुर्मीळ आहे. त्याला डीएमची गरज नाही. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, आणि टीबी बरा झाल्यावर मागे राहिलेल्या खराब फुप्फुसांचा लोंढा त्याहून मोठा. या कामासाठी तुम्ही आत्ताच तयार आहात.

फुप्फुस आणि आयसीयू हे दोन विषय एकत्र का आले, हे कळलं की अभ्यासक्रमांची नावं कमी गोंधळात टाकतात. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात रोज येत होते आणि लोखंडी फुप्फुसं (श्वास चालू ठेवणाऱ्या पेट्या) अगदी मोजकी होती. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवलं की ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्यातून श्वासनलिकेला छिद्र) करा आणि ऑपरेशन थिएटरात देतो तसा हाताने पिशवी दाबून श्वास द्या. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण आधीच्या निम्म्यावर आलं. असे रुग्ण एका जागी आणून त्यांच्यावर चोवीस तास माणूस ठेवायचा, ही आयसीयूची कल्पना तिथून रुजली. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात हा विषय मुख्यतः भूलतज्ज्ञांच्या हातून वाढला आणि पुढे स्वतंत्र झाला. ऑस्ट्रेलियात तर इंटेन्सिव्ह केअरचं स्वतःचं कॉलेज आहे. अमेरिकेत मात्र व्हेंटिलेटर म्हणजे फुप्फुसवाल्यांचं काम असं समीकरण बसलं. तिथे एबीआयएमने (इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाने) १९८७ मध्ये क्रिटिकल केअरची वेगळी परीक्षा सुरू केली, तरी मेडिकल आयसीयू सांभाळणारे बहुतेक आजही पल्मनॉलॉजीतूनच आलेले असतात.

आपल्याकडे दोन्ही परंपरा शेजारीशेजारी नांदतात. चंडीगडचं पीजीआय आणि दिल्लीचं एम्स इथला डीएम फुप्फुस आणि आयसीयू एकत्र शिकवतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये, लखनौच्या एसजीपीजीआयमध्ये, वेल्लोरच्या सीएमसीमध्ये डीएम क्रिटिकल केअर आहे आणि तिथे तुमच्या शेजारी भूलशास्त्राचा आणि मेडिसिनचा एमडी बसलेला असतो. मुंबईत डॉ. फरोख उदवाडियांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर जे काम केलं, ते वाचलंत तर कळेल की आपल्याकडचा आयसीयू पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातून जसाच्या तसा उचललेला नाही.

आता डीएमच्या तीन वर्षांत शिकायचं काय, याकडे येते, कारण त्यावर कुणी फारसं बोलत नाही. सगळी चर्चा कटऑफ आणि स्टायपेंडवर अडते.

एक साधं उदाहरण. १५५ सेंटिमीटर उंचीची बाई, वजन ७२ किलो, न्यूमोनियातून एआरडीएस (फुप्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन कमी पडणं). रात्री इंट्यूबेट झाली (श्वासनलिकेत नळी घातली) आणि सकाळी राउंडला व्हेंटिलेटरवर टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) ५०० मिलिलिटर दिसतो. कुणी ठरवून ठेवलेला नाही. मशीन आधीच्या रुग्णावर तसं होतं म्हणून राहिलं. फुप्फुसाचा आकार वजनावर ठरत नाही, उंचीवर ठरतो. बायकांसाठीचं सूत्र ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (उंची उणे १५२.४), म्हणजे या बाईचं धरायचं वजन ४८ किलो. किलोला ६ मिलिलिटरने हिशोब केला तर टायडल व्हॉल्यूम २९० च्या आत हवा. तिला जवळजवळ पावणेदोन पट हवा रात्रभर जात होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एआरडीएसनेट या अमेरिकी संशोधक गटाच्या ८६१ रुग्णांच्या अभ्यासात कमी व्हॉल्यूमच्या गटात ३१ टक्के रुग्ण दगावले आणि जास्त व्हॉल्यूमच्या गटात जवळपास ४० टक्के. एकही नवं औषध न वापरता, फक्त एक बटण फिरवून एवढा फरक. हा अभ्यास प्रत्येक रेसिडेंटला परीक्षेत लिहिता येतो. पहाटे चार वाजता बेडशेजारी टेप घेऊन उंची मोजणारे मात्र थोडे. फेलोशिपमध्ये शिकायचं ते हे, आणि ते पुस्तकातून येत नाही. युनिटमध्ये रोज कुणीतरी 'हिची उंची किती?' असं विचारणारं असेल तरच अंगवळणी पडतं.

दुसरं, व्हेंटिलेटरवरच्या आलेखाकडे बघायला शिकणं. सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेला) रुग्ण इंट्यूबेट केला, श्वासाची गती २४ लावली, आणि वीस मिनिटांत रक्तदाब ६० वर. नवखा माणूस नॉरअॅड्रेनलिन हे रक्तदाबाला आधार देणारं औषध वाढवतो. ज्याने आलेख बघितला त्याला दिसतं की श्वास पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा सुरू होतोय, हवा आत साचतेय आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतंय. सर्किट काढून छाती रिकामी होऊ दिली की रक्तदाब परत येतो. चेस्टच्या एमडीला हे पटकन कळतं, कारण फुप्फुसाचं शरीरशास्त्र त्याच्या रक्तात असतं. एनआयव्हीवर (नळीऐवजी मास्कने दिलेल्या श्वासावर) रुग्ण कसा सांभाळायचा आणि नळी कशी टाळायची यातही तुम्ही भूलवाल्यांपेक्षा बरे असता. तुमची खोट दुसरीकडे आहे. किडनी, मेंदू, शॉक, रक्तातल्या क्षारांचे गोंधळ, कठीण एअरवे (नळी घालायला अवघड श्वासमार्ग): टीबी-चेस्टच्या वॉर्डात तीन वर्षं काढलेल्याला यातलं पुरेसं बघायला मिळत नाही. डायलिसिसचं मशीन कधी लावायचं, मेंदूतल्या रक्तस्रावात कार्बन डायऑक्साइड किती ठेवायचा, रसेल्स व्हायपर (घोणस) चावल्यावर रक्त गोठत नसताना नळ्या कुठे घालायच्या, मण्यार चावलेला माणूस डोळेही न उघडता पूर्ण शुद्धीवर असू शकतो हे ओळखायचं. पावसाळ्यात मुंबई-कोकणातला लेप्टो, विदर्भातली कीटकनाशकाची विषबाधा, डेंग्यू, स्क्रब टायफस. प्रोग्राम निवडताना ही खोट भरून निघेल का, हे पाहिलं पाहिजे. भूलशास्त्राचं रोटेशन नसलेला, न्यूरो आणि ट्रॉमा न दिसणारा डीएम क्रिटिकल केअर तुमच्यासाठी अर्धवट ठरेल. टाटाचा आयसीयू उत्तम आहे, पण तिथले रुग्ण कर्करोगाचे. न्यूट्रोपेनिक सेप्सिस (पांढऱ्या पेशी घटल्यावरचा गंभीर जंतुसंसर्ग) आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची काळजी तुम्ही तिथे शिकाल तशी इतरत्र क्वचितच शिकाल, पण सर्पदंश बघायला तुम्हाला दुसरीकडे जावं लागेल.

तिसरं, हाताचं काम. इथे खासगी आणि सरकारी संस्थांमधला फरक स्पष्ट बोलते. खासगी रुग्णालयात ईबस (श्वासनलिकेतून अल्ट्रासाउंड), क्रायोबायोप्सी, थोरॅकोस्कोपी अशी दुर्बिणीची सगळी कामं असतात. पण रुग्ण सरांच्या नावावर आलेला असतो, त्याने पैसे भरलेले असतात, आणि स्कोप सरांच्याच हातात राहतो. तुम्ही बायोप्सी फोर्सेप्स उघडता आणि मिटता. सरकारी संस्थेत स्कोप तुमच्या हातात येतो, तेही पहिल्या महिन्यात. फक्त तो दुरुस्तीला गेलेला नसेल तर. एएमसी (देखभालीचं कंत्राट) संपलंय, फाईल खरेदी विभागात आहे, हे वाक्य तुम्ही आत्ताच हजारदा ऐकलं असेल. त्यामुळे 'तुमच्याकडे ईबस आहे का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. विचारायचं असं: मागच्या वर्षी पास झालेल्या फेलोने स्वतःच्या हाताने ईबस किती केले, आणि त्याचं लॉगबुक बघायला मिळेल का?

चौथं सगळ्यात अवघड, आणि ते बहुतेक ठिकाणी शिकवलंच जात नाही: थांबायचं कधी. आपल्याकडे उपचार थांबवण्याचा निर्णय बऱ्याचदा डॉक्टर घेत नाही, पैसे संपणं घेतं. नातेवाईक 'आम्ही घरी नेतो' म्हणून सही करतात, अँब्युलन्समध्ये पिशवी दाबत रुग्ण गावाकडे जातो आणि उंबरठ्यावर नळी काढली जाते. याला आपण डामा (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) म्हणतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातला २०११ चा निकाल तुम्हाला माहीत असेल. त्यानंतर ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, पण घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की ती कुणी वापरू शकलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला ती सुटसुटीत झाली: रुग्णालयातलंच प्राथमिक मंडळ, मग दुय्यम मंडळ, दोन्हींत तीन-तीन डॉक्टर, तज्ज्ञांना किमान पाच वर्षांचा अनुभव, आणि निर्णय शक्यतो ४८ तासांत. म्हणजे आता कायदेशीर वाट आहे. पण त्या वाटेने कुटुंबाला नेण्यासाठी कुणीतरी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसावं लागतं. 'सिरियस आहे, काही सांगता येत नाही' एवढं दारातून सांगून भागत नाही. ज्या युनिटमध्ये कन्सल्टंट ही बोलणी स्वतः करतात आणि फेलोला शेजारी बसवतात, ते युनिट मी कुठल्याही महागड्या मशीनच्या वर ठेवीन.

म्हणून प्रोग्राम कसा पारखायचा, तर वेबसाइट बाजूला ठेवा आणि एक रात्र तिथे जाऊन या. ओळख काढून जा, आपल्याकडे सगळं ओळखीवरच चालतं आणि यात लाज नाही. दुसऱ्या वर्षाच्या फेलोला कॅन्टीनमध्ये गाठा. विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये तो खरं बोलणार नाही. पहाटे तीनला रुग्ण बिघडला तर फोन कोण उचलतं आणि उचलल्यावर येतं का, हे त्याला विचारा. आयसीयू बंद आहे की उघडा, हेही. उघड्या आयसीयूत रुग्ण सर्जनच्या किंवा फिजिशियनच्या नावावर असतो, अँटिबायोटिक तो फोनवर बदलतो, आणि इंटेन्सिव्हिस्ट नळ्या घालणारा कारागीर होऊन बसतो. अशा ठिकाणी तीन वर्षं राहूनही निर्णय घेण्याची सवय लागत नाही. मृत्यूंवर चर्चा होणारी बैठक नियमित होते का, की फक्त अॅक्रेडिटेशनच्या आधी फाईल भरली जाते? आयएलडीच्या रुग्णांचं सीटी रेडिओलॉजिस्टसोबत बसून बघतात का? एका नर्सकडे रात्री किती व्हेंटिलेटर असतात? या शेवटच्या उत्तरावरून तुम्हाला त्या आयसीयूबद्दल बाकी सगळं कळेल.

संशोधनाबद्दल दोन शब्द. डीएमचा थिसिस बहुतेक जण उरकतात. पण महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम आठवा. लाल विंचू चावल्यावर फुप्फुसात पाणी होऊन माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. त्यांनी ग्रामीण रुग्णालयात बेडशेजारी बसून निरीक्षणं नोंदवली, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं, आणि ते काम लॅन्सेटमध्ये छापून आलं. आपल्या रुग्णांचा प्रश्न आपणच विचारला तर तो जगाला उपयोगी पडतो. एआरडीएसवरचा अडतिसावा रेट्रोस्पेक्टिव्ह थिसिस करण्यापेक्षा टीबीनंतरच्या फुप्फुसांच्या रुग्णांना एनआयव्हीचा फायदा होतो का, असं काहीतरी घ्या. गाईड कोण आहे आणि तो लिहितो का, हे पाहूनच घ्या.

परीक्षेचा भाग पटकन. डीएम आणि डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी) दोन्ही तीन वर्षांचे, दोन्ही नीट-एसएस या प्रवेश परीक्षेतून. प्रश्न आता तुमच्या एमडीच्या विषयातूनच येतात, म्हणजे चेस्टवाल्याला कार्डिऑलॉजी पाठ करत बसायला नको. एम्स, पीजीआय यांसारख्या संस्थांची आयएनआय-एसएस ही प्रवेश परीक्षा वेगळी, वर्षातून दोनदा, आणि त्यात लेखीनंतर विभागात प्रत्यक्ष चाचणी असते. तिथे तुम्हाला एखादा एक्स-रे किंवा व्हेंटिलेटरचा आलेख दाखवून चार माणसं प्रश्न विचारतील. डीएम आणि डीआरएनबीमध्ये मी भेद करत नाही, युनिटमध्ये करते. चांगल्या डीआरएनबी केंद्रावरचा मुलगा सुमार डीएमवाल्याला सहज मागे टाकतो. चॉइस भरण्याआधी त्या राज्याच्या सुपर स्पेशालिटी बाँडच्या (बंधपत्राच्या, म्हणजे शिकून झाल्यावर सरकारी सेवा देण्याच्या कराराच्या) अटी आणि रक्कम वाचा. सीट लागल्यावर वाचणारे दरवर्षी भेटतात.

वर्षाच्या फेलोशिपबद्दल लोक मला खासगीत विचारतात, तर इथेच लिहिते. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचे अभ्यासक्रम चांगले आहेत, देशातले कितीतरी उत्तम इंटेन्सिव्हिस्ट त्यातूनच तयार झाले. पण ती एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) यादीतली पात्रता नाही. खासगी रुग्णालयात नोकरी मिळेल, महाविद्यालयात क्रिटिकल केअरचा प्राध्यापक होता येणार नाही. हे माहीत असून घेतलीत तर काही बिघडत नाही. त्यासोबत इंटेन्सिव्ह केअरच्या युरोपियन सोसायटीची ईडीआयसी ही परीक्षा दिलीत तर अभ्यासाला शिस्त लागते. तिचा दुसरा भाग तोंडी आणि केसवर असतो, आणि आपल्या मुलांना तेच जड जातं. रुग्णालयाने स्वतःच छापलेली, कुठल्याही विद्यापीठाची वा सोसायटीची नसलेली सहा महिन्यांची प्रमाणपत्रं मात्र बहुतेकदा स्वस्त रजिस्ट्रार मिळवण्याची सोय असते. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गांनी इंट्यूबेशन येत नाही, यावर जास्त शब्द खर्चत नाही.

आता अमेरिका. पहिली गोष्ट, तुमचं एमडी तिथे प्रशिक्षण म्हणून धरलं जात नाही. यूएसएमएलई, मग इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी पुन्हा, मग पल्मनरी अँड क्रिटिकल केअरची तीन वर्षं. फक्त क्रिटिकल केअर घेतलं तर दोन. परीक्षांची तयारी धरली तर आठ वर्षं धरून चाला. २९ व्या वर्षी निघालात तर स्वतंत्र व्हायला ३७ उजाडतं. एमडीनंतर हे करणारे आहेत आणि ते समाधानीही आहेत, पण रात्री साडेअकराला डिस्चार्ज समरी लिहिताना 'मी हे सगळं एकदा केलंय' ही जाणीव सोसावी लागते. जायचंच असेल तर आज ठरवा, डीएम करून मग जाऊ असं करू नका.

तिथल्या फेलोशिपची रचना मात्र शिकण्यासारखी आहे. तीन वर्षांत किमान १८ महिने रुग्णांचं काम, उरलेला वेळ बहुतेक संशोधनाचा. आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा, सात दिवसांत एक सुट्टी. आपल्याकडच्या रेसिडेंटला हे ऐकून हसू येतं, पण तिथे तास मोजले जातात आणि उल्लंघन झालं तर प्रोग्रामला उत्तर द्यावं लागतं. पल्मनरी आणि क्रिटिकल केअर अशा दोन वेगळ्या बोर्ड परीक्षा द्याव्या लागतात. फेलोशिपचे अर्ज रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या अगदी सुरुवातीला, जुलैत जातात. मॅच (उमेदवार आणि जागांच्या जुळवणीचा निकाल) डिसेंबरच्या सुरुवातीला लागतो आणि काम पुढच्या जुलैपासून. याचा व्यावहारिक अर्थ असा की शिफारसपत्रं पहिल्या दोन वर्षांतच कमवावी लागतात. तिसऱ्या वर्षी जागे झालात तर उशीर झालेला असतो. आपली मुलं बहुतेक वेळा छोट्या कम्युनिटी रुग्णालयात रेसिडेन्सीला लागतात. तिथेच स्वतःची पल्मनरी फेलोशिप असेल तर घरच्या उमेदवाराला झुकतं माप मिळतं, म्हणून रेसिडेन्सीची यादी करतानाच हे बघून ठेवा.

व्हिसाकडे सगळे शेवटी बघतात, तुम्ही आधी बघा. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर गेलात तर प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, किंवा या अटीतून माफी मिळवून डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. कॉनराड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा. जे-१ वर डॉक्टरला एकूण सातच वर्षं मिळतात: तीन रेसिडेन्सीची, तीन फेलोशिपची, वर एक इंटरव्हेन्शनल पल्मनॉलॉजीचं, संपलं. मध्ये चीफ रेसिडेंटचं वर्ष घेतलंत तर तेही त्याच सातांतून जातं. एच-१बी साठी यूएसएमएलईची स्टेप ३ आधीच झालेली हवी, आणि सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आल्यावर छोटी रुग्णालयं त्या वाटेने जायला बिचकतात. संशोधनात पुढे जायचं स्वप्न असेल तर हेही लक्षात ठेवा की एनआयएच या तिथल्या सरकारी संस्थेच्या टी-३२ या संशोधन-प्रशिक्षणाच्या अनुदानावर फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाले बसू शकतात. परत यायचं ठरलं तर मात्र अडचण नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली तिथे मान्य असलेली पदव्युत्तर पात्रता भारतात धरली जाते.

ज्यांना देश सोडायचा नाही पण बाहेरचं काम बघायचंय, त्यांना मी डीएमनंतर ब्रिटनचा एमटीआय (परदेशी डॉक्टरांसाठीची प्रशिक्षण योजना) सुचवते. दोन वर्षांपर्यंत पगारी काम, प्रत्यक्ष रुग्णांवर, रॉयल कॉलेज पुरस्कर्तं असल्यामुळे प्लॅब या तिथल्या परवाना परीक्षेची गरज नाही, आणि मग परत. आयएलडी, प्ल्युरल क्लिनिक, घरी एनआयव्ही देण्याची व्यवस्था हे तिथे नीट बघायला मिळतं. ऑब्झर्व्हरशिपवर लाखभर रुपये घालवून भिंतीला टेकून उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

घर आणि आयसीयू यांचं कसं जमवायचं, हे मुली मला स्वतंत्र मेसेज करून विचारतात. मुलांनीही विचारायला हवं. क्रिटिकल केअरमध्ये काम पाळीत वाटता येतं, हा त्याचा न सांगितला जाणारा फायदा आहे. पाळी संपली की रुग्ण दुसऱ्याच्या हवाली करून घरी जाता येतं, बशर्ते युनिटमध्ये पुरेशी माणसं असतील. उलट एकट्याने चालवलेल्या चेस्ट क्लिनिकला सुट्टी नसते. लहान गावात स्वतःचा सहा बेडचा आयसीयू काढायचा विचार असेल तर दुसरा इंटेन्सिव्हिस्ट भागीदार मिळाल्याशिवाय काढू नका. कर्ज फेडता येतं, झोप फेडता येत नाही.

राहिला ड्रॉपचा, म्हणजे वर्षभर घरी बसून अभ्यास करण्याचा प्रश्न. तुम्ही सरकारी महाविद्यालयातले आहात, म्हणजे बंधपत्राचं एक वर्ष तसंही तुमच्या डोक्यावर आहे. ते आधी पूर्ण करायचं की सुपर स्पेशालिटीच्या प्रवेशासाठी पुढे ढकलता येतं, हे त्या वर्षीच्या शासन निर्णयात बघा. पण घरी बसू नका. सिनियर रेसिडेंट म्हणून रुजू झालात तर बंधपत्र फिटतं, पुढे सहायक प्राध्यापक व्हायला लागणारा वर्षभराचा अनुभव जमा होतो, आणि हात चालू राहतो. प्रश्न एमडीच्या विषयातूनच असल्यामुळे वॉर्डात काम करणारा माणूस घरी बसलेल्यापेक्षा फार मागे पडत नाही. रोज तीन तास आणि ड्युटीनंतरच्या सकाळी झोप, एवढं नियमाने केलं तर पुरतं. आयसीयूच्या अल्ट्रासाउंडचा प्रोब रोज एका तरी रुग्णावर ठेवा, फुप्फुस आणि हृदय दोन्ही. आणि भूलशास्त्राच्या प्रमुखांकडे आठवड्यातून एक सकाळ थिएटरात येऊ देण्याची लेखी विनंती करा. महिन्याभरात मास्कने नीट श्वास देता येऊ लागतो, तीन महिन्यांत एअरवेची भीती बरीच जाते, आणि डीएमच्या पहिल्या दिवशी तुम्ही इतरांच्या पुढे असता. ही विनंती रुजू होतानाच करा. ड्युटीचं वेळापत्रक एकदा लागलं की तुमच्या विभागाला माणूस सोडणं अवघड जातं.